शब्दांच्या मधली जागा



सुरुवातीला एक लहानसा प्रयोग आपण सगळे मिळून करू. दोन बोटं गळ्यावर ठेवा आणि नेहमीच्या वेगानं म्हणा : 'आई आली आहे'. बोटांखालची थरथर पहिल्या 'आ'ला सुरू होते आणि शेवटच्या 'हे'पर्यंत थांबत नाही. लिहिताना आपण इथे तीन शब्द लिहितो, पण आवाजात कुठेही तोड नाही. आता म्हणा : 'अक्का आली'. या वेळी थरथर तुटते, पण दोन शब्दांच्या मध्ये तुटत नाही. तुटते ती 'अक्का'च्या पोटात. जोड 'क'साठी जीभ मागे टाळूला चिकटते आणि क्षणभर पूर्ण शांतता होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आवाजाचं चित्र काढणारं यंत्र तयार झालं. त्या चित्रांतही हेच दिसतं. कोऱ्या फटी असतात, पण त्यांतल्या कित्येक शब्दांच्या आत असतात, आणि जिथे शब्द संपतो तिथे बहुधा फट नसते. बोलणारा आपल्याला शब्द सुटे करून देत नाही. ते ऐकणारा सुटे करतो, आणि इतक्या झपाट्यानं करतो की आपण काही काम केलं याची त्याला जाणीवही होत नाही. परकी भाषा आपल्याला नेहमी फार भरभर बोलल्यासारखी वाटते, त्याचं मोठं कारण हे आहे. तिथे शब्द तोडण्याचं काम आपल्याला जमत नसतं, आणि दोष मात्र आपण बोलणाऱ्याच्या वेगाला देतो.

१९६०च्या दशकात पोलॅक आणि पिकेट या संशोधकांनी लोकांच्या सहज बोलण्यातून एकेक शब्द कापून वेगळा ऐकवला. ऐकणाऱ्यांना त्यातले जवळपास निम्मे ओळखता आले नाहीत. आजूबाजूचे शब्द सोबत ऐकवले, की तेच शब्द ओळखणं सोपं झालं.

सलग आवाजातून शब्द सुटे करण्याचा हा प्रश्न आपल्याकडे प्रयोगशाळांच्या फार आधी कोणीतरी गांभीर्यानं हाती घेतला होता, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. ऋग्वेदाची संहिता संधींनी जोडलेली, सलग म्हटली जाते. शाकल्यानं तिचा पदपाठ केला, म्हणजे सगळी पदं सोडवून सुटी केली. दहाव्या मंडलात एका ठिकाणी 'वायो' असा ध्वनी येतो. शाकल्यानं त्याची दोन पदं केली : 'वा' आणि 'यः'. निरुक्तकार यास्काला हे मान्य नाही. त्याच्या मते हे 'वायः' असं एकच पद आहे आणि त्याचा अर्थ पक्ष्याचं पिल्लू. संधीत दोन्हींचं रूप सारखंच होतं, त्यामुळे कान निवाडा देऊ शकत नाही. यास्क दोन कारणं देतो. 'यः' असं वेगळं पद असतं, तर पुढच्या क्रियापदावर उदात्त स्वर आला असता. तो तिथे नाही. शिवाय तसं तोडल्यावर अर्थ पुरा होत नाही. आघात आणि अर्थ, हे दोन पुरावे. आजही ऐकणारा शब्दाची हद्द कशी ठरवतो असं विचारलं, तर उत्तरात हे दोन्ही येतातच. इतक्या जुन्या काळी हा वाद पुराव्यानिशी लढला गेला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मोडी वाचणाऱ्यांनाही हे काम ठाऊक आहे. शिरोरेघ आधी आडवी आखून घ्यायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं; शब्द सुटे करण्याची रीत नव्हती. पत्राचा मायना, माणसांची आणि गावांची नावं आधी माहीत असली, की ओळ सुटते.

पण ज्याला अर्थच माहीत नाही, एकही शब्द येत नाही, त्यानं काय करायचं? म्हणजे तान्ह्या बाळानं? १९९६ साली जेनी सॅफ्रन, रिचर्ड अ‍ॅसलिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना यंत्राच्या एकसुरी आवाजात फक्त दोन मिनिटं एक बनावट भाषा ऐकवली. तीन-तीन अक्षरांचे चार निरर्थक शब्द, पुढेमागे होत, न थांबता. आघात नाही, विराम नाही. खूण एकच होती : शब्दाच्या आत एका अक्षरानंतर पुढचं अक्षर ठरलेलं, आणि शब्द संपला की पुढे तीनपैकी काहीही येऊ शकतं. नंतर बाळांना ते शब्द आणि हद्द ओलांडून जोडलेले तुकडे ऐकवले, तेव्हा नवख्या तुकड्यांकडे ती जास्त वेळ कान लावून राहिली. दोन मिनिटांत त्यांनी शब्द वेगळे काढले होते. आपल्या घरात 'किती गोड', 'किती मोठा झाला', 'किती रडतोस' असं चाललेलं असतं. 'कि'मागून 'ती' पुन्हा पुन्हा येतं आणि 'ती'नंतर दर वेळी वेगळंच काही. बाळाच्या कानात 'किती' असा सुटू लागतो.

पुढे प्रत्येक भाषा आपापल्या खुणा शिकवते. इंग्रजी ऐकणारा जोर देऊन उच्चारलेल्या अक्षराला नव्या शब्दाची सुरुवात मानतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरतं. फ्रेंच ऐकणारा अक्षरांवर चालतो, जपानी त्याहून लहान मात्रेवर. मराठीत मला दिसणारी एक खूण सांगतो. जैनांच्या णमोकारासारखा अपवाद सोडला, तर 'ण' आणि 'ळ' आपल्या शब्दाच्या आरंभी येत नाहीत. 'ळ' ऐकू आला की त्याच्या लगेच आधी शब्द तुटलेला नाही, हे नक्की. सामान्यरूपही असंच. 'घोड्या' एवढं कानावर पडताच 'ला', 'ने', 'वर' यांतलं काहीतरी यायचं आहे याची आपल्याला अपेक्षा असते.

ओळखीचा शब्दच नसेल, तर कान जवळपासचे ओळखीचे शब्द बसवतो. गणपतीच्या आरतीतलं 'फणिवरबंधना' पिढ्यान्‌पिढ्या मुलं 'फळीवर वंदना' असं म्हणत आली आहेत. आपण त्यांना हसतो. खरं तर त्या मुलानं सलग आवाजातून दोन रीतसर मराठी शब्द काढून दाखवलेले असतात. हसण्याऐवजी फणिवर म्हणजे कोण, हे त्याला तेवढं सांगावं.

आता माझ्या कळकळीचा मुद्दा. कानाचं हे शिक्षण पहिल्या वर्षातच आकार घेतं. १९८४मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी दाखवलं, की इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या 'त' आणि 'ट'मधला फरक ओळखतात; पहिला वाढदिवस जवळ येईतो त्यांतल्या बहुतेकांना तो ऐकू येईनासा होतो. 'पात' आणि 'पाट' यांच्यातला हाच फरक. परदेशातल्या मराठी घरांत 'मराठी मोठेपणी शिकेल' असं म्हटलं जातं. मोठेपणी शिकता येतंच, पण तोवर कानाची घडण दुसऱ्या भाषेवर झालेली असते.

त्यावर उपाय म्हणून गाण्यांचे व्हिडिओ लावून देणाऱ्यांसाठी २००३चा पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग महत्त्वाचा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं बारा बैठकींत खेळली, गोष्टी वाचत बोलली, आणि बाळं चिनीतला एक अवघड भेद ओळखू लागली. त्याच माणसांच्या चित्रफिती दाखवल्या, तेव्हा बाळं काहीही शिकली नाहीत. पण नातवंडं दूर असलेल्या आजी-आजोबांनी एवढ्यानं निराश होऊ नये. २०१४मध्ये दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात, पडद्यावरच्या व्हिडिओ कॉलमधून मुलं नवी क्रियापदं शिकली. नुसत्या चित्रफितीत आणि या कॉलमध्ये फरक एवढाच होता, की पलीकडचं माणूस मुलाला पाहत होतं आणि त्याच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देत होतं.