उन्हाची वाटणी : मका आणि सोयाबीनचे पट्टे



मक्याच्या वावरात कडेच्या तासाचं कणीस मधल्या तासापेक्षा भरदार असतं, हे आपण पाहिलं असेल. खत सगळीकडे सारखंच. मग असं का? कडेच्या ताटाला एका बाजूनं शेजारी नसतो. ऊन त्याच्या खालच्या पानांपर्यंत पोचतं. मग अशा कडाच शेतात वाढवल्या तर? पट्टा पेरणीचं मूळ एवढंच आहे. चार तास मक्याचे, त्यांना लागून सहा तास सोयाबीनचे, पुन्हा चार मक्याचे. सोयाबीन ठेंगणं, म्हणून मक्याला कडा मिळतात.

दोघांची उन्हाची भूकही सारखी नाही. मक्याचं पान भर दुपारचं कडक ऊनसुद्धा कामी लावतं. सोयाबीनच्या एकेका पानाची भूक त्याच्या निम्म्याच्या आसपास उन्हात भागते. पण म्हणून सोयाबीनला सावली चालते, असं मात्र समजू नका. वरचं पान तृप्त झालं तरी खालची पानं उपाशीच असतात.

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी मी एक तास मका, एक तास सोयाबीन असं पेरलं. मका डोक्यावर गेला, तसं सोयाबीन उजेडासाठी लांबट वाढलं आणि लोळलं. शेंगा मोजक्याच लागल्या. खळ्यावर घरचं कुणी काही बोललं नाही. पण रास पाहून मीच काय ते समजलो. पुढच्या वर्षी पट्टे रुंद केले.

आता करायचं कसं? तास दक्षिणोत्तर धरा. म्हणजे सकाळी एका बाजूनं, दुपारनंतर दुसऱ्या बाजूनं ऊन मिळतं. मात्र जमीन उताराची असेल तर पेरणी उताराला आडवीच हवी. उन्हापायी माती वाहू देऊ नका. युरिया मक्याला द्या. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. मक्यात मारायचं ॲट्राझीन सोयाबीनवर गेलं तर पीक जळतं, तेव्हा इथं ते टाळलेलंच बरं. पुढल्या साली पट्ट्यांची अदलाबदल करा.

हिशेब मात्र चोख ठेवा. समजा, एकरभर निव्वळ मका 20 क्विंटल होतो आणि निव्वळ सोयाबीन 8 क्विंटल. निम्मानिम्मा पट्टा पेरलेल्या एकरात 12 क्विंटल मका आणि साडेतीन क्विंटल सोयाबीन आलं. एवढा मका पिकवायला एरवी 24 गुंठे लागले असते, आणि एवढ्या सोयाबीनला साडेसतरा. म्हणजे 40 गुंठ्यांत साडेएकेचाळीस गुंठ्यांचं पीक आलं. पण सोयाबीन तीनच क्विंटल आलं तर? त्याचे गुंठे 15, बेरीज 39. एक गुंठा गमावला! मक्याची कणसं पाहून हुरळून गेलो, तर हा तोटा दिसतच नाही. शिवाय बाजारात दोन्हींचा भाव वेगळा, तोही हिशेबात धरायला हवा.

म्हणून सगळं वावर एकदम पट्ट्याखाली घालू नका. आधी दहा गुंठ्यांत करून पाहा. शेजारीच थोडा निव्वळ मका आणि थोडं निव्वळ सोयाबीन ठेवा. सुगीला तिन्ही राशी वेगळ्या तोला. ऊन फुकटचं खरं, पण त्याची वाटणी आपल्यालाच करायची आहे.