चष्म्याची चौकट



या सभेत चष्मा न लावणारे थोडेच दिसतात. आम्हीही त्या थोड्यांत नाही. भिंगाचा नंबर आपण डॉक्टरांना दहादा विचारतो. पण ज्या चौकटीत ते भिंग बसते तिची चौकशी रंग आणि किंमत यांपलीकडे करीत नाही. आज ती करू.

जपानच्या फुकुई प्रांतात हिवाळ्यात बर्फ पडते आणि शेती थांबते. ते महिने शेतकऱ्याने खावे काय? मासुनागा गोझाएमोन यांनी १९०५ साली त्यावर तोड काढली. बाहेरून कारागीर आणवून त्यांनी गावच्या तरुणांना चौकटी करावयास शिकविले. वर्तमानपत्रे वाचणारे वाढत होते. वाचणारा वाढला की चष्मा लागणारच, हा त्यांचा हिशेब. तो खरा ठरला. आज जपानी चौकटींपैकी सुमारे ९० टक्के त्याच प्रांतात, साबाए शहर व त्याच्या आसपास तयार होतात.

आता कृती पाहू. चांगली रंगीत चौकट सेल्युलोज अॅसिटेटची असते. हा पदार्थ सरकीवरील तंतूंपासून अथवा लाकडाच्या लगद्यापासून काढतात. पूर्वीचे सेल्युलॉइड चटकन पेट घेई. हे तसे नाही. त्याची पाटी आधी सुकवून मुरवावी लागते. घाई केली तर चौकट मागाहून आकसते. मग भिंगाची भोके व त्यांतील खाच कोरतात, बाहेरचा आकार कापतात, काडी तापवून तिच्यात धातूची तार घालतात, बिजागऱ्या बसवितात. पुढे हे भाग लाकडाच्या तुकड्यांसह पिंपात कित्येक दिवस फिरत राहतात. त्यानंतर हाताने झिलई. स्वस्त चौकट मात्र वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून क्षणात निघते.

टिटॅनियमच्या चौकटी साबाएच्या कारखान्यांनी १९८० नंतरच्या दशकात बाजारात आणल्या. हा धातू तांब्याच्या मिश्रधातूंच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. पण तापला की हवेतील प्राणवायू ओढून ठिसूळ होतो. म्हणून त्याचा सांधा आर्गॉन वायूच्या आवरणात जोडतात.

एवढा खटाटोप कशासाठी? भिंगाचा मध्य बुबुळासमोर राहावा म्हणून. नंबर मोठा असला आणि चौकट वाकडी असली, तर अचूक भिंगानेही डोके दुखू शकते. तेव्हा विकत घेताना चौकट उघडून टेबलावर ठेवा. दोन्ही काड्या सारख्या टेकतात का पाहा. बिजागरी ढिली नको, ताठरही नको. कडेवरून बोट फिरवा.

किंमत जास्त म्हणजे माल चांगला, असे मात्र समजू नका; पुष्कळदा आपण नावाचेच पैसे देतो. कारागिराचे दिवस कोठे खर्च झाले, हे ओळखता आले की दाम योग्य जागी पडेल. बर्फात अडकलेल्या त्या खेड्यांनी हाताला काम शोधले; त्या हातांची पारख करणे हे आपले काम.