जुन्या ट्रकचं डिफरन्शियल ऑइल

लाखो किलोमीटर पळालेल्या ट्रकची देखभाल म्हटली की इंजिन ऑइल, टायर आणि ब्रेक यांचीच चर्चा होते. मागच्या चाकांच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तेल ठिबकायला लागलं तर वरून थोडं भरलं की झालं. यामागे एक समजूत आहे. इंजिनचं तेल काजळीने काळं होतं म्हणून ते बदलायचं. डिफरन्शियलच्या बंद पेटीत ना आग ना धूर, मग तिथलं तेल खराब कशाने होणार? यातलं निम्मं खरं आहे. तिथे काजळी येत नाही. पण इंजिनला फिल्टर असतो, आणि बहुतेक ट्रकच्या डिफरन्शियलला तो नसतो. गिअरच्या दातांवरून झिजून पडलेला धातूचा कण त्याच तेलातून फिरत बेअरिंगमध्ये जातो आणि तिथे नवी झीज करतो. म्हणून जुन्या गाडीला हे तेल बदलण्याची गरज नव्या गाडीपेक्षा जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि त्या कामाचा निम्मा फायदा उतरवलेलं तेल नीट तपासण्यात आहे.

आत काय चालतं ते पाहू. शाफ्टला जोडलेला लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. हायपॉइड रचनेत हा पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून थोडा बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरत राहतात. साधं तेल एवढ्या दाबाखाली टिकत नाही. म्हणून ईपी, म्हणजे अति दाब सोसणाऱ्या, गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. दात तापतो तिथे ती धातूवर पातळ थर धरतात. हा थर झिजतो, पुन्हा धरतो, आणि त्यात ती संयुगं खर्ची पडत जातात. कसारा किंवा कुंभार्ली घाटात भरलेली गाडी चढताना दाताची एक बाजू भार घेते, गिअरमध्ये उतरताना दुसरी. त्यातच तापमान 10 अंशांनी वाढलं की तेलाचा हवेशी संयोग होऊन ते खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. पावसाळ्याची गोष्ट आणखी वेगळी. तापलेली पेटी साचलेल्या पाण्यात शिरली की गार पडते, आतली हवा आकसते, आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या छोट्या तोंडातून, किंवा जुन्या सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदर चिखलाने बुजला तर उलटंच होतं: आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. ते तेल हबमधून ब्रेक लायनरवर गेलं तर घाटात ब्रेक लागेलच याची खात्री राहत नाही. ऊस वाहणाऱ्या गाड्यांचं तेल बदलण्याचं काम पाऊस संपल्यावर, गाळप हंगामाच्या आधी उरकावं, ते यासाठी.

आता आक्षेप. जुनं तेल काढलं की गाडी आवाज करायला लागते, तेव्हा ते काढूच नका, असं पुष्कळ जण सांगतात. आवाज येतो हे खरं, पण तो नव्या तेलाने निर्माण केलेला नसतो. धातूच्या भुकटीने दाट झालेल्या तेलाने झिजलेल्या दातांचा घरघराट दाबून ठेवलेला असतो, इतकंच. कंपनीने 90 नंबर सांगितलेलं असताना आवाज दाबायला 140 नंबर भरणं हीही तीच चूक. शिवाय नंबर फक्त दाटपणा सांगतो. हायपॉइड डिफरन्शियलला बहुधा जीएल-5 दर्जाचं तेल लागतं, म्हणून डब्यावर दर्जाही वाचावा. खर्चाचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही, कारण एका गाडीवर घर चालवणाऱ्याला काही लिटर तेल आणि बुडालेला अर्धा दिवस जड जातो. पण क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात, एकाचा दात मोडला तरी दुसरा टाकूनच द्यावा लागतो, आणि तोवर गाडी उभी. तेलाचा खर्च त्यापुढे फार लहान आहे.

काम अवघड नाही, क्रम मात्र सांभाळायचा. गाडी चालवून तेल कोमट झालेलं असताना, सपाट जागी, आधी वरचा भरायचा प्लग सैल करावा. तो गंजून अडकलेला असेल आणि खालून तेल आधीच सोडलेलं असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. मग खालचा प्लग काढावा आणि त्याच्या चुंबकाकडे पाहावं. राखाडी, चिकट भुकटी म्हणजे नेहमीची झीज. बोटाला टोचणारी किरच किंवा दाताचा कपचा निघाला तर पेटी उघडायलाच हवी. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तांबूस चकाकी दिसली तर आतले वॉशर झिजताहेत. नवं तेल भोकाच्या काठाशी येईपर्यंतच भरावं. जास्त भरलं तर ते फेसाळतं आणि सीलमधून वाट काढतं. ब्रीदर त्याच वेळी साफ करावा. काढलेलं तेल गटारात ओतू नये, कायद्याने तो घातक कचरा आहे. झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावं. आणि डब्यात ओतण्याआधी त्यातलं थोडं स्वच्छ बाटलीत घेऊन तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वेळी झीज वाढली की तेवढीच राहिली हे शेजारी ठेवून पाहता येतं.