कचेरींतील नवी पाठशाळा

राज्यकारभार कसा चालला आहे, हें सामान्य माणसाला खिडकीपलीकडे बसलेल्या कारकुनाच्या वागण्यावरून कळतें. कुटुंब-निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन आलेल्या विधवेला कोणते दाखले लागतील, हें एकदांच व नेमकें सांगितलें गेलें, तर तिच्या लेखीं राज्य चांगलें आहे. चार खेपांत चार निराळे दाखले मागितले गेले, तर तिचा साऱ्या व्यवस्थेवरचाच विश्वास उडतो. म्हणून त्या कारकुनाला त्याचें काम कोणी व कसें शिकविलें, हा प्रश्न साऱ्या समाजाचा ठरतो.

जुन्या काळीं या शिक्षणाचा मार्ग एकच होता. होतकरू तरुण कचेरींत ‘उमेदवार’ म्हणून राही, जुन्या कारकुनाच्या शेजारीं बसून नकला करी, दप्तर लावी, आणि वर्षा-दोन वर्षांनीं कामांत मुरे. या उमेदवारीचा मोठा गुण असा कीं, शिकणाऱ्याच्या हातीं खरें काम असे आणि चुकलें तर सांगणारा जवळच असे. दोष असा कीं, गुरूच्या ज्ञानाबरोबर त्याच्या खोडीही शिष्याकडे येत. कागद दडपून ठेवण्याची विद्या अशीच एका पिढीकडून दुसरीकडे गेली.

पद्धतशीर शिक्षणाची सोय झाली, ती प्रथम वरिष्ठांसाठीं. १८०० सालीं गव्हर्नर-जनरल वेलस्ली यांनीं कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढलें, तें कंपनीच्या तरुण इंग्रज नोकरांना देशी भाषा शिकविण्यासाठीं. तेथें मराठी शिकविणारे विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं प्रसिद्ध झालें. स्वातंत्र्यानंतर १९५९ सालीं मसुरीस राष्ट्रीय प्रशासन अकादमी स्थापन झाली. महाराष्ट्रांत पुण्याची ‘यशदा’ हेंच काम करते. परंतु वर्ग, वसतिगृहें व व्याख्याते यांना मर्यादा असते. लक्षावधि कनिष्ठ नोकरांना त्यांत जागा मिळणें कठीणच होतें.

ही उणीव भरून काढण्यासाठीं केंद्रीय मंत्रिमंडळानें २ सप्टेंबर २०२० रोजीं ‘मिशन कर्मयोगी’ या योजनेस मान्यता दिली. सुमारें ४६ लाख केंद्रीय कर्मचारी डोळ्यांपुढें ठेवून पांच वर्षांकरितां ५१० कोटी ८६ लाख रुपयांची तरतूद ठरली. ‘आय-गॉट कर्मयोगी’ हें तिचें ऑनलाइन व्यासपीठ होय. कर्मचारी संगणकावर किंवा मोबाइलवर नांव नोंदवितो, पाठ निवडतो, धडे पाहतो व ऐकतो, शेवटीं प्रश्नांचीं उत्तरें देतो आणि प्रमाणपत्र मिळवितो. अमुक जागेवरील माणसाला कोणती भूमिका पार पाडावी लागते, त्यासाठीं कोणतीं कामें येतात व कोणती क्षमता लागते, हें आधीं ठरवावें आणि शिक्षण त्यास जुळतें द्यावें, असें या योजनेचें सूत्र आहे.

या पद्धतीचा लाभ उघड आहे. आस्थापना शाखेंतून लेखा शाखेंत बदलून आलेल्या कारकुनास वर्ग भरण्याची वाट पाहावी लागत नाहीं. दूरच्या टपालघरांतील नोकर आणि दिल्लीच्या मंत्रालयांतील अधिकारी एकच धडा ऐकूं शकतात. न समजलेला भाग पुन्हा ऐकतां येतो, व तसें करतांना कोणी हंसत नाहीं. जुन्या उमेदवारींत ही मोकळीक नव्हती.

धोकाही याच सोयींत दडलेला आहे. धडा एका बाजूस बोलत राहतो आणि कारकून दुसऱ्या बाजूस टपाल नोंदवीत राहतो. शेवटीं प्रमाणपत्र मात्र दोघांच्याही नांवें जमा होतें, ऐकणाऱ्याच्याही आणि न ऐकणाऱ्याच्याही. वरिष्ठाला आंकडा हवा असतो, आणि आंकडा सहज मिळतो. ऑक्टोबर २०२४ मध्यें राष्ट्रीय शिक्षण सप्ताह पाळला गेला, तेव्हां प्रत्येकानें निदान ४ तास अभ्यास करावा असें ठरलें होतें. ४६ लाख माणसांनीं चार चार तास दिले, तर १ कोटी ८४ लाख तास होतात. हे तास कोणाचे? कामाच्या वेळेंतून ते काढून दिले नाहींत, तर ते कर्मचाऱ्याच्या घरच्या विसाव्यांतून जातात किंवा नुसते कागदावर भरले जातात.

म्हणून तीन गोष्टी सांभाळणें अगत्याचें आहे. अभ्यासाचा वेळ कचेरीच्या वेळेंतच राखून ठेवावा, आणि तेवढा वेळ त्या मेजाचें काम दुसऱ्याकडे सोंपवावें. पाठ कर्मचाऱ्याच्या भाषेंत असावा. परक्या राज्यकर्त्यांनाही लोकांची भाषा शिकण्याची गरज भासली होती, मग स्वकीयांस ती टाळून कसें चालेल? आणि पाठ संपल्यावर वरिष्ठानें शेजारीं बसवून एखादें खरें प्रकरण हाताळावयास लावावें. जुन्या उमेदवारीचा गुण अशा रीतीनें नव्या यंत्राशीं जोडतां येईल.

‘कर्मयोग’ हा शब्द मराठी कानांना नवा नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याला ‘कर्मयोगशास्त्र’ असेंच दुसरें नांव दिलें होतें. एवढें मोठें नांव धारण करणाऱ्या योजनेची परीक्षा प्रमाणपत्रांच्या संख्येवर होऊं नये. अर्ज घेऊन आलेली ती विधवा पहिल्याच खेपेस काम आटोपून घरीं परतली काय, हाच तिचा अखेरचा प्रश्न असला पाहिजे.