कुत्र्याची तहान



गेले काही दिवस या मांडवात मोठमोठे विषय झाले. संतवाङ्मय झाले, अर्थकारण झाले. त्या पंगतीत ‘कुत्र्याची तहान’ हे पान कोणी वाढले, असे पत्रिका वाचून आपल्याला वाटले असेल. चिटणिसांनीही मला विचारले, “विषय लाक्षणिक आहे काय?” लाक्षणिक काहीही नाही. कुत्रे खरे आहे आणि त्याची तहानही खरी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली ती चार शहाण्या गोष्टी लोकांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून. त्या गोष्टी चार पायांच्या असू नयेत, अशी अट मी तरी कुठे वाचलेली नाही.

मी पशुवैद्य नव्हे. एका कुत्रीचा पालक एवढाच माझा अधिकार, आणि तोही चुका करून मिळवलेला. तेव्हा चुकीपासूनच सुरुवात करतो.

आमच्या घरी चिंगी नावाची कुत्री आहे. वजन सहा किलो, वय दहा वर्षे, रंग पांढरा. पॉमेरियन म्हणून आणली. घराण्याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी तिचे खाणे वाढले. ताटातले संपवून ती ओट्याखाली उभी राही, शेजारच्या दारात जाऊन बसे. पोट सुटले. पाठीवरचे केस विरळ झाले. चार पायऱ्या चढली की धापा टाकी. आम्ही म्हणालो, वय झाले. खादाडपणाला आम्ही लाड हे कारण लावले आणि पोटाला खादाडपणा हे. एकेका लक्षणाला एकेक कारण सापडले की माणूस निश्चिंत होतो. सगळ्यांना मिळून एकच कारण असेल, हे कोणाच्या मनात येत नाही.

पुढे ती रात्री घरात लघवी करू लागली. दहा वर्षांत कधी न केलेली गोष्ट. पाणीही फार पिई. तेव्हा घरात ठराव झाला की, रात्री नऊनंतर पाण्याचे भांडे उचलून ओट्यावर ठेवावे. ठराव मी मांडला, चिरंजीवांनी अनुमोदन दिले. सौभाग्यवतींनी विरोध केला, पण तो इतिवृत्तात आला नाही. आठ दिवस ठराव अमलात होता. नवव्या रात्री तीनच्या सुमारास मोरीत कसला तरी आवाज झाला म्हणून मी उठलो. दिवा लावला. चिंगी मोरीच्या ओल्या फरशीवरून जीभ फिरवीत होती. तिने वर पाहिले आणि पुन्हा फरशी चाटू लागली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला, “दिवसाला किती पाणी पिते?” मी म्हणालो, “पुष्कळ.” त्या म्हणाल्या, “पुष्कळ हे माप नव्हे.” मग सांगितले की, निरोगी कुत्रे दर किलो वजनामागे दिवसाला पन्नास-साठ मिलिलिटर पाणी पिते. उन्हाळ्यात थोडे अधिक, ओले अन्न असेल तर थोडे कमी. शंभराच्या वर गेले की शोध घ्यायलाच हवा. म्हणजे आमच्या चिंगीला साधारण तीनशे ते साडेतीनशे मिलिलिटर पुरावे. घरी येऊन सकाळी लिटरची बाटली मोजून भांड्यात ओतली आणि दुसऱ्या सकाळी उरलेले मोजले. ती नऊशे प्यायली होती. तीन दिवस मोजले, आकडा हलला नाही.

रक्त, लघवी, सोनोग्राफी आणि आणखी एक लांबलचक चाचणी झाल्यावर निदान झाले ते कुशिंगच्या रोगाचे. हार्वे कुशिंग हा अमेरिकेतला मेंदूचा शस्त्रवैद्य. त्याने १९३२ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले ते माणसांच्या बाबतीत. माणसांत तो दुर्मीळ आहे. मध्यम वयाच्या पुढच्या कुत्र्यांत मात्र तो नेहमी आढळतो, आणि पूडल, डॅशहुंड, टेरियर अशा लहान जातींत विशेष.

हा रोग समजायला आपल्याला लांब जायला नको. लोणावळा, वळवण, शिरोता या तलावांचे पाणी १९१५ पासून घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात जाते आहे. आता अशी कल्पना करा की, तलावाच्या दारावर दोन माणसे बसवली आहेत आणि एक निरोप्या त्यांना ‘पाणी सोडा’ म्हणून सांगतो. खाली पुरेसे पाणी पोहोचले की निरोप्या गप्प बसतो, दारे मिटतात. शरीरात हा निरोप्या म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली, तुरीच्या दाण्याएवढी पोष ग्रंथी. दारावरची दोन माणसे म्हणजे मूत्रपिंडांजवळच्या दोन अधिवृक्क ग्रंथी. आणि सुटणारे पाणी म्हणजे कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक. ते जीवनावश्यक आहे. संकटात, आजारात, उपासात शरीर त्याच्यावर तग धरते. पण शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी रोगी कुत्र्यांत या निरोप्याच्या जागी बारीकशी गाठ होते आणि तो खुळ्यासारखा एकच निरोप देत सुटतो. तळे भरले, पूर आला, तरी ‘पाणी सोडा’. उरलेल्यांत निरोप्या शहाणा असतो, पण दारावरच्या एका माणसातच बिघाड होतो, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीत गाठ असते.

या पुरात काय काय वाहून जाते पाहा. स्नायू झिजतात म्हणून पाय लटपटतात आणि पोट लोंबते. त्यात यकृत वाढते, मग पोट आणखी पुढे येते. कातडी कागदासारखी पातळ होते, जखमा लवकर भरत नाहीत, अंगाची रोगाशी लढण्याची ताकद घटते. भूक भलतीच वाढते. आणि मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगणारे जे दुसरे संप्रेरक आहे, त्याचे कॉर्टिसॉलपुढे काही चालेनासे होते. पाणी शरीरात राहतच नाही. म्हणजे चिंगी फार पाणी पीत होती म्हणून लघवी करीत नव्हती. लघवी आवरत नव्हती म्हणून ती पाणी पीत होती. आमच्या ठरावाने लघवी थांबली नाही. फक्त पाणी थांबले. असे पाणी तोडलेले कुत्रे एका रात्रीत शुष्क होऊन दगावू शकते, हे डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले. त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता, आणि तो मावळातल्या माणसांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. “खाजेची गोळी देता काय?” आपल्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने कुत्र्याचे अंग सुकत नाही, खाज सुटते. मग कोणीतरी औषधाच्या दुकानातून बारीक पांढरी गोळी आणून देतो. गुण दोन दिवसांत येतो, म्हणून ती महिनोन्‌महिने चालू राहते. ती गोळी पुष्कळदा स्टेरॉइडची असते, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच कुळातली. तलावात आपणच टँकर रिते करण्यासारखे हे झाले. रोगाची सगळी लक्षणे दिसतात, गाठ मात्र कुठेच नसते. आणि इतके दिवस निरोप न आल्यामुळे दारावरची माणसे झोपी गेलेली असतात. तेव्हा घाबरून गोळी एकदम बंद केली तर तळे कोरडे पडते आणि कुत्र्याचा जीव धोक्यात येतो. अशी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवा, आणि कशी कमी करायची ते त्यांनाच ठरवू द्या.

लांबलचक चाचणी म्हणालो, तिचे तत्त्व आता सहज कळेल. स्टेरॉइडचे अगदी अल्प इंजेक्शन देतात आणि रक्त आधी, चार तासांनी आणि आठ तासांनी घेतात. बाहेरून थोडे पाणी आले की शहाणा निरोप्या गप्प होतो. खुळा होत नाही, किंवा थोडा वेळ दबून पुन्हा सुरू करतो. आम्ही सकाळी गेलो ते दिवेलागणीला परतलो. मात्र एकट्या कागदावर विसंबू नये. दुसऱ्या आजाराने त्रासलेल्या कुत्र्याचाही आकडा चढलेला येऊ शकतो. लक्षणे आणि आकडा यांची गाठ पडली तरच निदान पक्के.

औषधाची कथा थोडी चमत्कारिक आहे. डी.डी.टी.च्या कुळातले एक द्रव्य कुत्र्यांना खाऊ घातले असता त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी सुकतात, असे १९४९ साली आढळले. त्यातून पहिले औषध निघाले, मिटोटेन. आज बहुधा ट्रायलोस्टेन देतात. अमेरिकेत २००८ साली त्याला कुत्र्यांसाठी मान्यता मिळाली. ते निरोप्याला शहाणे करीत नाही, फक्त दारे थोडी लोटून घेते. म्हणून ते आयुष्यभर चालवायचे, आणि नेहमी खाण्याबरोबर द्यायचे. रिकाम्या पोटी ते अंगी नीट लागत नाही.

नव्याने औषध सुरू झालेल्या घरांनी खरी भीती बाळगावी ती इथे. दारे जास्त लोटली गेली तर पुराच्या जागी दुष्काळ येतो. कालपर्यंत ताट चाटणारे कुत्रे अन्नाकडे पाठ फिरवते, ओकते, जुलाब होतात, एका जागी पडून राहते. असे दिसले तर त्या वेळची गोळी देऊ नये आणि लगेच डॉक्टरांना गाठावे. संध्याकाळपर्यंत वाट पाहू नये. ‘आज जेवली नाही, गोळी तरी जाऊ दे’ म्हणणारी प्रेमळ माणसे प्रत्येक घरात असतात. त्यांना हे दोनदा सांगून ठेवा. माझ्यापुरते म्हणाल तर औषध लागू पडल्यावर चिंगी हावरेपणा सोडील याचा मला आनंद होणार होता, आणि प्रत्यक्षात तिने एक दिवस पोळीचा तुकडा ठेवला तेव्हा माझे हातपाय गळाले. सुदैवाने तो तुकडा तिने तासाभराने खाल्ला.

पहिली फेरतपासणी दहा ते चौदा दिवसांनी असते, पुढची महिन्याच्या सुमारास, मग साधारण तीन महिन्यांनी. गोळीनंतर किती तासांनी रक्त घ्यायचे हे ठरलेले असते, म्हणून गोळीची वेळ लिहून ठेवावी. कॅप्सूल घरी फोडून अर्धी करू नये. घरात कोणी गरोदर असेल तर तिने तिला हात लावू नये. इतरांनी हात धुवावेत. बाकीचे मग साधे आहे. पाण्याचे भांडे सदैव भरलेले. रात्री एकदा उठून बाहेर नेणे. गुळगुळीत फरशीवर पोत्याचा तुकडा, म्हणजे पाय घसरत नाहीत. तुपातले, तळलेले बंद, आणि चिक्कीही बंद. लोणावळ्यात राहून हे सांगणे धाडसाचे आहे, मला ठाऊक आहे. पावसातून आणल्यावर बोटांच्या फटींपर्यंत कोरडे पुसणे, कारण या पातळ कातडीत जंतू फार लवकर शिरतात.

आपल्या गावात बंगले पुष्कळ, आणि पुष्कळ बंगल्यांतली कुत्री माळ्याच्या स्वाधीन असतात. मालक शनिवारी येतात, कुत्रे धावत येते, शेपटी हलवते, सगळे ठीक दिसते. त्याचे भांडे दिवसातून किती वेळा भरावे लागते, हे एका माळ्यालाच माहीत असते, आणि त्याला कोणी विचारत नाही. मला वाटते या रोगाची निम्मी निदाने बागेच्या नळापाशी होऊ शकतील.

आता अवघड भाग. हे औषध स्वस्त नाही, तपासण्याही नाहीत. शेजारचे अण्णा मला तोंडावर म्हणाले, “मावळात माणसांना औषधाला पैसे नाहीत, आणि तुम्ही कुत्रीचे हार्मोन मोजता?” मला उत्तर सुचले नाही, आजही पुरते सुचलेले नाही. युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला हे खरे, पण त्या कुत्र्याचे औषधपाणी त्याला करावे लागले नव्हते. एवढे मात्र सांगेन. ज्याला खर्च झेपत नाही त्याने लाजू नये. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तसे सांगावे. हा रोग बहुधा हळूहळू वाढतो, विचार करायला वेळ देतो. लक्षणे फारशी नसतील तर डॉक्टर स्वतःच थांबायला सांगतात. पुरते उपचार न करता पाणी, स्वच्छता आणि जखमांची काळजी एवढ्यावर कुत्र्याला सांभाळणे हाही एक प्रामाणिक मार्ग आहे. भांडे उचलून ठेवणे हा मार्ग नव्हे. आणि उपचार करूनही रोग मुळापासून जात नाही. औषधावर अशी कुत्री सरासरीने दोनेक वर्षे काढतात, काही कमी, काही बरीच अधिक, आणि पुष्कळशी शेवटी म्हातारपणाच्या दुसऱ्याच एखाद्या कारणाने जातात.

चिंगीचा आठवा महिना चालू आहे. पाठीवर केस आले, तेही पूर्वीपेक्षा दाट. पोट अजून आहे. ओट्यावरच्या वहीत रोजचा आकडा सौभाग्यवती लिहितात. तो अधिकार त्यांनी माझ्याकडून काढून घेतला आहे, आणि मी अपील केलेले नाही. आज सकाळचा आकडा तीनशे चाळीस.

अध्यक्षमहाराज, तिची रात्रीची गोळी आठ वाजता असते, जेवणाबरोबर. आता पावणेआठ झाले आहेत. आभारप्रदर्शन माझ्या गैरहजेरीत झाले तर मी राग मानणार नाही.