देवकाचे झाड



आपल्या घरी मंगलकार्यापूर्वी देवक बसवितात. कोणाचे देवक कळंब, कोणाचे उंबर, कोणाचे पंचपल्लव. परंतु ते झाड ओळखून त्याची डहाळी आणील, असा तरुण आज घरोघर आढळेल काय? आम्हांस ही चिंतेची बाब वाटते. रस्त्याकडेचा गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतील. त्यांची शोभा वा उपयोग आम्ही नाकारीत नाही; परंतु वड-उंबरांच्या फळांवर जगणारे हरियाल आणि धनेश तेथे उपाशीच राहणार. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या नीलवंताची अळीदेखील लिंबाच्या कुळातील पानांवर वाढते.

म्हणून ज्ञातीच्या वसतिगृहाच्या आवारात देशी वृक्षांची रोपवाटिका काढावी, अशी आमची सूचना आहे. तीस द्रव्यापेक्षा हात अधिक हवेत. बी एकाच झाडाचे न घेता अनेक झाडांखालचे वेचावे. पिशवीवर गाव व तारीख लिहावी. जांभळाचे बी ताजेच पेरावे, कारण वाळल्यावर ते उगवत नाही. बेहड्याचे कठीण बी मात्र भिजवून लावावे. हे काम विद्यार्थ्यांच्या हाती दिल्यास वनस्पतिशास्त्र त्यांना निराळे शिकवावे लागणार नाही.

रोपे ज्ञातीबाहेरही मुक्तहस्ते द्यावीत. सावली कोणाची जात विचारीत नाही. मात्र आपल्या प्रत्येक कुटुंबाने निदान स्वतःच्या देवकाचे एक रोप न्यावे आणि ते जगवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.