ओकावांगो : समुद्राला न मिळणारी नदी

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक शंका दूर करतो. आफ्रिकेतल्या ज्या तंबूत आम्ही तीन रात्री राहिलो, तसल्या तंबूचा दर माणशी, एका रात्रीला, हजार डॉलरच्या घरात असतो आणि हंगामात त्याहून बराच वर जातो. सिंचाई खात्यातल्या डिप्लोमावाल्याला हे परवडले कसे, हा प्रश्न पहिल्या रांगेतल्या काकांच्या चेहऱ्यावर दिसतोच आहे. सौ.चे थोरले बंधू बोत्स्वाना देशाच्या राजधानीत, गॅबोरोनीला, नोकरीस आहेत. तिथल्या रहिवाशांना थोडा कमी दर मिळतो. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून त्यांनी आम्हा उभयतांना सोबत नेले. विमानाचे भाडे आमचे, तंबू दादांचा. परदेशी जाण्याची खात्याची परवानगी मात्र आमची आम्हीच मिळवली, आणि तिला प्रवासापेक्षा जास्त दिवस लागले!

आता नदीकडे येऊ. ओकावांगो अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते आणि बोत्स्वानात शिरते. समोर कालाहारीचे वाळवंट. तिथे ती हाताच्या पंजासारखी पसरते आणि संपते. समुद्राला मिळतच नाही. अडीचशे किलोमीटरमध्ये उतार जेमतेम साठ-सत्तर मीटर. पाणी इतके सावकाश चालते की वरच्या टोकापासून खालच्या माउन गावापर्यंत यायला त्याला चार-पाच महिने लागतात. वर्षाला सुमारे अकरा अब्ज घनमीटर पाणी आत येते आणि त्यातले जवळजवळ सगळे ऊन आणि झाडे पिऊन टाकतात.

गंमत पुढेच आहे. अंगोलात पाऊस पडतो डिसेंबर ते मार्चमध्ये. त्याचा पूर इथे येतो तो बोत्स्वानातला पाऊस संपल्यावर, कोरड्या थंडीत. आम्ही मे महिन्यात होतो. आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि तंबूसमोरचे पाणी रोज दोन बोटे चढत होते. आसपासचे रान सुकायला लागते तेव्हा इथे पाणी येते, म्हणून सारी जनावरे इकडे धाव घेतात. ज्या देशाच्या चलनाचे नावच ‘पुला’, म्हणजे पाऊस, त्या देशाला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

माउनहून छोट्या विमानाने छावणीत जातात. सामान वीस किलोच्या आत आणि तेही मऊ पिशवीत, कारण कडक सुटकेस त्या विमानाच्या पोटात मावत नाही. सौ.ने दोन किलो चकली माउनलाच दादांच्या मित्रांना वाटून टाकली. धावपट्टी मातीची. विमान उतरण्याआधी जीप नेऊन तिच्यावरच्या हरणांना हुसकावतात.

‘तंबू’ म्हणजे आपल्या शाळेच्या कँपचा तंबू नव्हे. आत पलंग, लिहायचे टेबल, गरम पाण्याची आंघोळ, सगळे आहे. पण सिमेंटचा पाया कुठेच नाही. लाकडी खांबांवर फळ्यांचा चौथरा, त्यावर जाड कॅनव्हास, वीज सूर्याची. प्यायला प्लॅस्टिकच्या बाटल्या नाहीत. धातूची एक बाटली देतात, ती पुनःपुन्हा भरायची. कचरा पुन्हा माउनला जातो. जागा सरकारची, ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली. उद्या मुदत संपली तर सगळे उचलून रान होते तसे करता यावे, या हिशेबाने बांधलेले. आम्ही बांधकामवाले; पण उचलून नेण्यासाठी इतके निगुतीने बांधलेले काम पहिल्यांदाच पाहिले.

अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पाऊल टाकायचे नाही, न्यायला माणूस येतो. दुसऱ्या रात्री तंबूशेजारच्या ताडासारख्या झाडाला हत्तीने डोके लावून गदागदा हलवले. फळे फळ्यांवर टपाटप पडली आणि तो ती एकेक वेचून खात राहिला. मध्ये फक्त कापड. त्याचा श्वास, पोटातली गुरगुर, सारे ऐकू येत होते. सौ. अथर्वशीर्ष म्हणत होती. आम्ही ते मनातल्या मनात म्हणत होतो, मोठ्याने म्हणायची हिंमत नव्हती.

सकाळी मोकोरोतून, म्हणजे तिथल्या अरुंद होडीतून, फिरवतात. पूर्वी ती एका झाडाच्या खोडातून कोरीत. आता झाडे वाचावीत म्हणून बऱ्याचशा फायबरच्या असतात. होडीवाला मागे उभा राहून लांब काठीने ढकलतो. त्याने आम्हाला बेटे कशी जन्मतात ते दाखवले. वाळवी वारूळ बांधते, ते पुराच्या पाण्यावर राहते, त्यावर पक्षी बी टाकतात, झाड येते. झाडे पाणी शोषतात आणि क्षार बेटाच्या मध्याखाली साठत जातात, त्यामुळे सभोवतालचे पाणी गोडे राहते. पाणघोडे गवतातून ये-जा करून वाटा मोकळ्या ठेवतात. गाळ काढणारे आणि क्षार आवरणारे असे खाते तिथे विनापगारी चालले आहे!

या पाण्यावर आमच्यासारख्या खात्याची नजर गेली नाही असे नाही. १९८० च्या दशकात सरकारने योजना आखली : बोरो नावाची शाखा खोदून खोल करायची, पाणी साठवायचे, ते माउनला, शेतीला आणि गरज पडल्यास ओरापाच्या हिऱ्यांच्या खाणीला द्यायचे. कागदावर चूक काहीच नव्हते. गावाला पाणी हवेच होते. पण जानेवारी १९९१ मध्ये माउनच्या चावडीत, तिला ते ‘क्गोत्ला’ म्हणतात, गावकरी उठले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना तोंडावर नाही म्हटले. सरकारने काम थांबवले, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली आणि पुढे योजना सोडून दिली. आमच्या नोकरीत पाणी अडवल्याचे आणि वळवल्याचे आकडे असतात. न अडवलेल्या पाण्याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो. ते हजार डॉलर खरे तर त्या रकान्याचे आहेत.

त्याची किंमत पाहुण्यांनीच भरली असेही नाही. आमचा गाइड जवळच्या गावचा. एके सकाळी ज्वारीची आंबवलेली लापशी वाढली, तिला ‘टिंग’ म्हणतात. चव थेट आपल्या आंबिलीची! आम्ही खूश होऊन विचारले, तर तो म्हणाला, “माझी आई हीच करायची. पण गेली दोन वर्षे शेत हत्तींनी खाल्ले.” बोत्स्वानात लाखाच्या वर हत्ती आहेत, जगात सर्वांत जास्त. रात्री ज्याचा श्वास ऐकून आम्ही धन्य झालो, त्याच्याच भाऊबंदांनी त्या माउलीची ज्वारी नेली होती. छावणीतल्या मुलाच्या पगारावर ते घर चालते. हा पगार आहे तोवरच त्या गावाला हत्ती परवडणार, हे तो स्वच्छ सांगत होता.

२०१४ मध्ये ओकावांगो जागतिक वारसा यादीत गेली, यादीतले हजारावे स्थळ म्हणून. पण तिचे पाणी वरून येते. अंगोलातले यादवी युद्ध २००२ मध्ये संपले. तिथल्या लोकांनाही शेती हवी, वीज हवी, आणि ते मागणे रास्तच आहे. नामिबिया तर तहानलेलाच देश. तिन्ही देशांनी १९९४ पासून एक संयुक्त आयोग नेमला आहे. खालच्याने वरच्याला फक्त ‘सोडा’ म्हणून भागत नाही. सोडण्यात वरच्याचाही वाटा निघाला पाहिजे. नदीखोऱ्याच्या कामातला सगळ्यांत अवघड भाग हाच, मग ते खोरे आफ्रिकेतले असो की आपले.

आपण बडोदेकर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री घराघरांत आली आणि मगरी सोसायट्यांच्या दारात दिसल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिले. पुराचे पाणी पसरायला जागा लागते. ती कोणासाठी किती सोडायची आणि तिची भरपाई कोणाला द्यायची, हे बसून बोलूनच ठरवावे लागते. माउनचे लोक चावडीत बोलले. आपल्याकडे चावडी नाही, पण मंडळ आहे. या विषयावर इथेही एकदा बसावे, एवढीच विनंती.

 गणपती बाप्पा मोरया!